कंपनी कधी 'होऊन राहिलं' म्हनते काय?

"तुह्यात दम असंल तं आपाले फसवून दाखव," असं इरफान म्हने, आन मी येड्यावानी "चाल, लागली!" म्हनलो. दोन प्लेट गिल्या वड्यावर. आता काय सांगू तुमाले, त्या वड्यापायी माही जी इज्जत गेली ते अजून मोर्शीत वापस नाई आली!

इरफान म्हंजे माहा जोडीदार. त्याचे अब्बा, रशीदचाचा, संत्र्याच्या लाकडी पेट्या बनवतेत. आन नजमाआपा म्हंजे इरफानची मोठी बहीन. बीएस्सी झालेली, डोक्यानं लय तेज. पेट्यांच्या दुकानातच एका कोपऱ्यात तिचा जुना कंप्युटर. आख्ख्या मोहल्ल्याचे फॉर्म ती तिथं बसून भरे.

त्या वर्षी सोयाबीन गेलं, कपाशीले अळी लागली आन संत्र्याचा बहार झाडाखालीच गळला. संत्राच नाई तं पेट्या कोन घेईन? चाचाच्या दुकानात रिकाम्या पेट्यांची थप्पी छताले लागली होती. वावरात काई पिकत नव्हतं, पन खोट्या मेलांचं पीक मात्र जोरात! "तुमाले मदत मंजूर झाली, पासवर्ड सांगा." लोक सांगत बी! मंग डोकं धरून आपाकडं येत.

आपानं अमरावतीच्या एका कंपनीत अर्ज केला होता. संत्र्याचा रस काढनारी कंपनी. काम काय, तं बागवाल्यांचे मेल पाहाचे, त्यांचे कंपनीतले खाते सांभाळाचे. कंपनीनं आपाचंही एक खातं उघडलं होतं. मुलाखतीचा निरोप मेलवर येनार होता. चाचा दर घंट्याले विचारे, "बेटा, आया क्या?" घरात सारे त्या एका मेलाची वाट पाहून राहिले होते.

आन मी काय केलं? त्याच कंपनीच्या नावानं मेल बनवला!

लय डोकं लावलं बरं का. दहा वेळा वाचला. मंग धाडला:

"प्रिय आपा, तुमचं खातं बंद होऊन राहिलं. चोवीस घंट्यात पासवर्ड सांगा. तुमची कंपनी."

आपानं मेल उघडला. दोन सेकंद पाह्यलं. मान बी नाई वळवली.

"गज्या, इकडं ये."

"काय झालं आपा?" मी एकदम गायीवानी चेहरा केला.

"मी कंपनीची आपा कवापासून झाली रे?"

इरफान तं पेट्यांवर पडून पडून हसे!

"आन कंपनी कधी 'होऊन राहिलं' म्हनते काय? कंपनी म्हनते, 'होत आहे'. हे मोर्शीचं बोलनं हाये, गाढवा."

मंग तिनं मले समोर बसवलं. "शीक आता. पहिली गोष्ट, तुले नावानं हाक मारली का आपा-ताई करून गोड बोलला, ते पाहाचं. दुसरी, भाषा पाहाची. तिसरी, घाई करते का पाहाचं. चोराले लय घाई असते. आन चौथी, सगळ्यात मोठी..."

"अबे, वडे आन पहिले!" इरफान बोंबलला. हरलो होतो ना मी! सायकल काढली आन गेलो चौकात. चौथी गोष्ट तिथंच राहिली. पन मी म्हनलो, तीन आल्या ना? दहावीच्या पेपरात मले एवढे प्रश्न येत असते तं मी कलेक्टर झालो असतो!

दुसऱ्या दिवशी आपा अकोल्याले गेली. खालाच्या, म्हंजे मावशीच्या, पोरीचा निकाह होता. जाताजाता म्हने, "मेल उघडा ठेवून चालली. कंपनीचा आला की फकस्त मले फोन कर. हात लावू नको."

"आपा, टेन्शन नका घेऊ. आता गज्याले सगळं समजते."

ती गेली आन अकरा वाजता मेल आला! मी खुर्चीवर सायेबावानी बसलो. इरफान मागून डोकावे. म्या मोठ्यानं वाचलं:

"नजमाताई, तुमच्या खात्याचं काम अर्धंच होऊन राहिलं आहे. उद्या चार वाजेपर्यंत खातं उघडून मुलाखतीची वेळ पक्की करा, नाहीतर नंबर जाईल."

मी उडालोच!

"इरफान, पाह्य बे! ताई म्हनला. पहिली खूण! 'होऊन राहिलं' म्हनला. दुसरी! उद्या चार वाजेपर्यंत म्हने. घाई! तिसरी! तीनच्या तीन! चोर हाये साला."

"आपाले फोन लावू काय?"

"काहून? ती म्हनली कंपनीचा आला तं लाव. हा कंपनीचा हाये काय?"

सांगा तुमी, काय चुकलं माहं? म्या उत्तर ठोकलं:

"अबे चोट्या, आमी मोर्शीचे हाओ, आमाले येडे समजू नको. कंपनी कधी 'होऊन राहिलं' म्हनते काय? पहिले मराठी शीक, मंग चोरी कर."

खाली आपाचं पूर्ण नाव आपोआपच आलं. मस्त दिसे!

दहा मिनिटांत वापस मेल. "ताई, काही गैरसमज होऊन राहिला. खात्री करायची असेल तर अर्जावर छापलेल्या नंबरवर फोन करा."

"पाह्य, पाह्य! परत 'होऊन राहिला'! सवयच जात नाई चोट्याची!"

इरफान जरा घाबरला. "गज्या, नंबरवर लावून पाहू न बे."

"चोर सोता म्हनते फोन करा, आन आपन कराचा?" म्या दुसरं उत्तर धाडलं: "फोन नाई, समोर ये. पेट्यांच्या दुकानात ये. दम असंल तं गळ्यात लाल गमछा बांधून ये, म्हंजे चोट्या मले लवकर वळखू येईन."

मंग काई मेल आला नाई. म्या कॉलर वर केली. आख्ख्या चौकात सांगून आलो, गज्यानं एक चोर पयवून लावला! चहावाल्यानं मले एक कट फुकट पाजला राजेहो!

दुसऱ्या दिवशी तीन वाजता आपा आली. एसटीत उभी राहून आलेली, पाय सुजलेले. पिशवी बी खाली नाई ठेवली.

"कंपनीचा मेल?"

"नाई आला. एक चोर आलता, पन म्या असा हानला त्याले..."

"दाखव."

आपानं मेल पाह्यला. शब्द नाई वाचले बरं का. सगळ्यात पहिले धाडनाराचा पत्ता पाह्यला, त्याची शेपटी, कंपनीचं नाव जिथं असते ते. मंग पिशवीतून अर्ज काढला आन त्याच्यावरच्या पत्त्याशी एक एक अक्षर लावून पाह्यलं.

"गज्या," आपा लय हळू बोलली, "हीच चौथी गोष्ट होती."

म्या काल वर केलेली कॉलर हळूच खाली केली.

तिनं घाईघाईनं खातं उघडलं. समोर लिवलेलं, 'खाते थांबवले आहे'. साडेतीन वाजले होते. चाचाच्या हातातली हातोडी तशीच हवेत.

आन तेवढ्यात दुकानासमोर जीप थांबली. उतरला एक जाडा मानूस, मिशावाला. आन गळ्यात? लाल गमछा!

मी पेट्यांच्या मागं. कसा गेलो मले बी माहीत नाई.

"नजमाताई कोन?"

"मी, सायेब."

"बाजारात संत्रा पाहाले आलतो. म्हनलं, बोलावलंच हाये एवढ्या प्रेमानं, तं भेटून जाव." खिशातून कागद काढला आन मोठ्यानं वाचला. 'अबे चोट्या'पासून गमछ्यापर्यंत! पेट्यांच्या फटीतून मले आपाचा चेहरा दिसे. टमाट्यावानी लाल.

"ताई, मी धारणीकडचा. आमी असंच बोलतो, तं असंच लिवतो. कंपनी 'होऊन राहिलं' म्हनत नाई, पन मी म्हनतो. हे तुमी लिवलं काय?"

मले वाटलं आता आपा बोट दाखवते. तिनं पेट्यांकडं पाह्यलं बी. पन म्हनली काय?

"माह्या मेलवरून गेलं सायेब. म्हंजे माहंच."

"म्हंजे दुसऱ्यानं लिवलं असंल तं तुमी मेल उघडा ठेवला. मंग बागवाल्यांचे खाते तुमच्या हातात कसे देऊ?"

आपानं घड्याळाकडं पाह्यलं. पावने चार.

मी लय मस्तीखोर हाओ, पन एवढा हरामी नाई. उठलो. उठताना डोकं लागलं आन पेट्यांची आख्खी थप्पी धडाधड खाली! त्या ढिगातून बाहेर आलो, केसात भुसा, कानावर खिळ्याचा ओरखडा.

"सायेब, ते म्या लिवलं. आपानं बजावलं होतं, हात लावू नको. तिनं चार गोष्टी शिकवल्या, म्या तीनच आयकल्या. आपानं तं पत्ता पाहूनच वळखलं. चोट्या तुमी नाई सायेब. चोट्या मी हाओ."

सायेबानं आपाकडं पाह्यलं. "पत्ता पाहून?"

"शेपटी पाहून. आन अर्जाशी लावून," आपानं अर्ज समोर केला.

सायेबानं फोन काढला, हापिसात कोनाले तरी बोलला. चारले पाच कमी होते. खातं परत चालू झालं, आपानं वेळ पक्की केली. आन पहिलं काम काय केलं? पासवर्ड बदलला, माह्या तोंडाकडं पाहून! मुलाखत पास करून आता ती त्याच कंपनीत हाये नोकरीले. उठताना कंप्युटर बंद करते म्हने, पानी प्याले गेली तरी.

पन त्या दिवशी सायेब जाताजाता माह्यासमोर थांबला. गमछा माह्या गळ्यात टाकला.

"नाव काय बे?"

"गज्या... गजानन."

"मले मराठी शीक म्हनतो. तुहं शिक्षन?"

आता खोटं कुठवर बोलाव?

"दहावी सायेब... होऊन राहिली."

"कवापासून?"

"दोन वर्षांपासून."