जांभळ्या काठाचा टोगा

केशवापूरच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये कपडे सगळेच घालतात, पण कपड्यांतून बोलणारे एकच, वरच्या मजल्यावरचे इतिहासाचे निवृत्त मास्तर. पँट-शर्ट हा त्यांच्या मते मुका पोशाख. बोलतो तो रोमन लोकांचा टोगा: सहा वार पांढरं कापड, शिवण नाही, गुंडी नाही, डाव्या खांद्यावरून अंगभर गुंडाळलेलं. जांभळा काठ म्हणजे अधिकार, काळपट रंग म्हणजे शोक. दुर्गदबैलच्या बाजारातल्या दुकानदाराने कापड फाडताना "मंडप केवढा घालायचा, सर?" असं आदराने विचारलं होतं. वॉचमन रोज कानडीत "स्नान आतेन्री सर?" म्हणून अंघोळीची चौकशी करी. टोगा डाव्या हातावर तोलावा लागतो, त्यामुळे तो हात कामातून गेला आणि भाजीची पिशवी ओघानेच त्यांच्या पत्नीकडे, म्हणजे बाईंकडे आली. नळाला आठवडाभर पाणी आलं नाही की मास्तर तपकिरी घोंगडी पांघरून सोसायटीच्या सेक्रेटरींच्या दारासमोर शोक करत बसत. "रोममध्ये तरी यायचं का हो पाणी?" बाईंनी एकदा वैतागून विचारलं. "रोज," मास्तर म्हणाले, आणि तेवढ्या एका शब्दावर सेक्रेटरीच्या निवडणुकीला उभे राहिले.

तीस वर्षं शाळेत काढून हेडमास्तरची खुर्ची काही त्यांना मिळाली नव्हती. ही मात्र त्यांना मनापासून हवी होती. एरवी कुरकुरणाऱ्या बाईंनी आपल्या लग्नातल्या इरकलीचा जांभळा काठ कापून एका नव्या टोग्याला लावला आणि तो अधिकाऱ्याचा टोगा इस्त्री करून कपाटात तयार ठेवला. मतं मागणाऱ्याने टोग्याला खडू चोळून तो लख्ख करायचा, अशी रोमची रीत. मास्तरांनी दोन खोकी खडू चोळले आणि घरोघर जाऊन प्रत्येकाला मिठी मारली. आठवडाभर आमचा अख्खा जिना शिंकत होता. "तुम्हालाच की, सर," सगळे म्हणाले. मीही म्हणालो. जुन्या सेक्रेटरींनी माझ्या स्कूटरला पत्र्याखालची जागा देऊ केली होती, आणि मी काही रोमन नाही.

घरटी एक मत होतं. मास्तरांना दोन पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले, खुर्चीवर टेकले. "एक माझं," ते म्हणाले, "आणि दुसरं कुणाचं, ते मला विचारावं लागलं नाही. उपकार झाले तुमचे."  मी चहा सांगायला आत गेलो, तो बराच वेळ आतच राहिलो.

ते मत कुणी टाकलं, मला आजही ठाऊक नाही. त्याचे आभार मात्र माझ्याकडे पडून आहेत, आणि मास्तरांना खरं सांगायचं धैर्य मला अजून झालेलं नाही.