रस्ता आमच्यातनं न्या

तळोज्याच्या पुढे सरपंचांचा भाजीचा मळा होता. दर रविवारी मी तिथे भेंडी-पालक घ्यायला जायचो. ते मूळचे माणदेशातले. इकडे येऊन आधी लोकांची शेतं कसली, मग थोडी जमीन विकत घेतली. कारखान्यांचं काळं पाणी शेतांत शिरलं तेव्हा सगळ्या शेतकऱ्यांना घेऊन ते रस्त्यावर बसले, आणि पुढच्या निवडणुकीत गावाने ह्या बाहेरच्या माणसाला सरपंच केलं. बोलताना ते समोरच्याचं मनगट धरत आणि त्याला पटेपर्यंत सोडत नसत.

एका रविवारी नव्या रस्त्याच्या मोजणीसाठी इंजिनिअर आला होता. रस्त्यात शेजारच्या म्हाताऱ्या आगरी बाईचं सगळं शेत जात होतं. "माजं येवढंच हाय," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

सरपंचांनी इंजिनिअरचं मनगट धरलं. "सायेब, रस्ता आमच्यातनं न्या. आमचं निम्मं तरी उरंल."

"लेखी द्या, बघतो," तो म्हणाला. जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

सरपंचांची बायको भेंडी तोडत होती. ते पुढारी झाल्यापासून मळा तीच एकटी बघायची. ती उठून आली.

"मला इचारलंत?"

मला वाटलं, आता ते हसून वेळ मारून नेतील.

"न्हाई. चुकलं माजं," ते सगळ्यांदेखत म्हणाले.

तिने म्हातारीकडे पाहिलं, मग इंजिनिअरकडे वळली. "कुटनं जानार हाय रस्ता? मला दाखवा."

तो नकाशा घेऊन तिच्यामागे निघाला, आणि सरपंच त्या दोघांच्या मागे.