शिडाची सैल कड

साडूचा विषय निघाला की मी आजवर उठून दुसऱ्या खोलीत जात आलो. बायकोला वाटतं, त्याच्या आठवणीने माझा जीव कासावीस होतो. होतो, पण तिला वाटतं त्या कारणाने नाही. बरीच वर्षं टाळलं. आता सत्तरी उलटली आहे, म्हणून लिहून टाकतो.

साडू म्हणजे माझ्या मेहुणीचा नवरा. माझ्याहून बारा-चौदा वर्षांनी लहान. मुरबाडकडे, सिद्धगडाच्या पायथ्याला त्याची भातशेती. मी आटगावचा. आधी शहापूरच्या बाजारात शिवणकाम केलं, मग वाशिंदजवळच्या एका लहानशा कारखान्यात लागलो. तिथे तंबू आणि ताडपत्र्या शिवायचो. पुढे मालकांनी विंडसर्फिंगच्या शिडांचं काम घेतलं. पाण्यावर एक लांबट फळी, तिच्यावर उभा माणूस, आणि त्याच्या हातात काठीला ताणलेलं शीड. वारा भरला की फळी पळते. ते शीड आम्ही शिवायचो. आमच्याकडच्या भातवाल्यांना हे सांगितलं की ते विचारायचे, "मग त्यात मासे किती मिळतात?"

कारखान्यात माझ्या हाताला मान होता. माझ्या शिवणीत चुणी पडत नसे. साडूला कामाला मीच लावलं, मेहुणीने गळ घातली म्हणून. मुरबाडहून रोजचं येणं-जाणं जमेना, तेव्हा आठवडाभर तो आमच्याकडेच राही. तिथून माझं दुखणं सुरू झालं.

तो बोलका होता. बढाईखोरही होता. शिवण त्याची वाकडी, तोंड मात्र सरळ मालकांशी. संध्याकाळी ओट्यावर बसून असा काही किस्सा रंगवायचा की माझी बायको पदर तोंडाला लावून हसायची. लग्नाला तीस वर्षं झाली होती. माझ्या बोलण्यावर ती तशी कधी हसली होती का, हे मी आठवून पाहायचो.

"ताई, दादा घरात बोलतात का गो? का कारखान्यातच सगळं शिवून टाकतात?" तो विचारी.

"शिवलेलंच बरं," ती म्हणे. "उसवलं की ओरडतात."

दोघं हसत. मीही हसायचो. नाही हसलो तर कळलं असतं.

एका भाद्रपदात तो गावाहून आला तो खिशात काडेपेटी घेऊन. आत मेलेला चतुर. भातावर घिरट्या घालतात ते, लांब शेपटीचे. त्याने पंख चिमटीत धरला आणि मागून हळूच फुंकर मारली.

"बघा दादा. पुढची कड हलली का? नाय हलली. मागची बघा, कशी उचलली."

"मग?"

"मग काय मग! काल बांधावर वारा असा सुटला का माझी टोपी गेली खाचरात. आन् हा बाबा तारेवर बसलेला, तसाच. वारा आला का पंखाची मागची बाजू वळते, वारा सोडून देते. आपलं शीड वारा सोडतच नाय. धरून बसतं. म्हणून माणूस आपटतो."

आमच्या शिडांबद्दल तीच तक्रार होती. मंद वाऱ्यात छान चालत, पण झोत आला की माणसाला उपटून फेकत. मी शिडं ताठ शिवायचो, एकही सुरकुती न ठेवता. म्हणजे तो माझ्याच हाताला दोष देत होता, असं मला त्या क्षणी वाटलं. त्याच्या मनात तसं नव्हतं.

त्याचं पहिलं शीड फसलं, हे लिहितानाही मला थोडा आनंद होतो. चतुराच्या पंखावर शिरांची जाळी असते, तशी जाळी त्याने पूर्ण शिडावर दोऱ्याने बसवली. शीड इतकं जड झालं की उचलायला दोघं लागले. मालक म्हणाले, "हे काय, मच्छरदाणी केलीस?" मी त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

पण तो हटला नाही. चतुर पकडत राहिला, नाकतोडे पकडत राहिला. पंख फाटलेला नाकतोडाही उडतो, कारण चीर पुढच्या शिरेपाशी येऊन थांबते, हे त्याने मला कौतुकाने दाखवलं. मग त्याने शिडाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या फिल्ममध्ये दोरे घेतले ते फक्त मागच्या कडेला दाट, पुढे विरळ. शिडाला आकार देणाऱ्या आडव्या पट्ट्या पुढे जाड आणि मागे निमुळत्या केल्या. वरच्या टोकाला मागची कड मुद्दाम सैल कापली.

"पंख शिवायचा नाय दादा," तो म्हणाला. "त्याची वळायची रीत तेवढी शिवायची."

मीही एकदा गुपचूप चतुर पकडला. कारखान्यामागे झाडाखाली बसून फुंकर मारली, उजेडात धरला, उलटासुलटा केला. मला त्यात चतुरच दिसला. त्याला जे दिसलं ते मला का दिसू नये, याचा राग मी त्या किड्यावर काढला. चुरगळून टाकला.

पुढच्या उन्हाळ्यात शीड तयार झालं. नेमका तेव्हाच धोंड्याचा महिना आला. आमच्याकडे अधिक महिन्यात जावयांना जेवायला बोलावतात, अनारसे वाढतात. सासुरवाडी मुरबाडला. मी थोरला जावई. पहिला पाट माझा, पहिलं ताट माझं, हे इतकी वर्षं चालत आलेलं. त्या दिवशी सासऱ्यांनी साडूचा हात धरून त्याला आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं.

"बसा इंजिनियरसाहेब. मग, किड्याचं शीड कधी पळतंय?"

सासूबाईंनी अनारशांचं ताट आणलं ते आधी त्याच्यासमोर ठेवलं. तो चपापला. "आधी दादांना," म्हणाला आणि ताट माझ्याकडे सरकवलं. ते मला जास्त लागलं. माझा मान त्याने उचलून मला दिला होता.

घरी येताना बायको म्हणाली, "बाबा किती खूश होते आज." मी म्हणालो, "हो."

चाचणी त्याच आठवड्यात होती, आमच्या भागातल्या एका मोठ्या तलावावर. शीड चालवायला मुंबईहून एक गडी येणार होता, पस्तिशीचा, समुद्रावर सराव असलेला. साडू मोटारसायकल घेऊन त्याला आणायला स्टेशनवर गेला. शीड बांधायचं काम नेहमीप्रमाणे माझं.

ते कसं बांधतात ते सांगायला हवं. शीड काठीवर चढवायचं, हाताने धरायचा आडवा दांडा लावायचा, मग खालची दोरी पायाने रेटा देऊन ओढायची. ती पुरती ओढली की काठी वाकते आणि वरची मागची कड लोंबकळते. दिसायला वाईट दिसतं, जणू कोणी ढिसाळ शिवलंय. पण साडूच्या शिडाचा सगळा जीव त्या सैल कडेत होता. त्याने मला दहादा सांगितलं होतं. "दोरी मरणाची ओढा दादा. कड फडफडायला लागंल, तवाच गाठ मारा."

मी दोरी अर्धीच ओढली आणि गाठ मारली. वरपासून खालपर्यंत कड ताठ उभी राहिली. सुरकुती नाही, चुणी नाही. मी शिवलेल्या शिडासारखं देखणं.

मला कोणी जखमी व्हावं असं वाटत नव्हतं. शीड जरा अडखळावं, मालकांनी नाक मुरडावं, सासऱ्यांच्या कानावर जावं, एवढंच हवं होतं. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. झालं ते असं झालं.

साडू आला. काठावर उभा राहून वर बघत राहिला.

"दादा, कड ताठ नाय वाटत?"

"पाण्यावर गेली का सुटंल," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली. बांधणी माझं काम होतं आणि मी त्याचा दादा होतो.

झोत आला तेव्हा तो गडी तलावाच्या मध्यावर होता. शिडाने वारा सोडला नाही. शीड पुढे कोसळलं आणि माणूस त्याच्याबरोबर दांड्यावर आदळला. होडीतून काठावर आणलं तेव्हा त्याचा उजवा हात कोपराच्या वर मोडलेला होता. ओरडत नव्हता, फक्त दात आवळून होता. सगळे त्याच्याकडे धावले. मी काठावर ओढून आणलेल्या शिडाकडे गेलो आणि दोरीची गाठ सोडून टाकली.

मालक म्हणाले, "पंख-बिंख बंद आता." साडूला त्यांनी काढलं नाही. तो आपणच गेला. जाताना माझ्या बायकोला म्हणाला, "ताई, माझं मापच चुकलं गो. माणसाचा हात गेला माझ्या शानपणात." ती रडली. मी त्याची पिशवी मोटारसायकलला बांधून दिली.

दोन वर्षांनी मालकांना झोताच्या वाऱ्यासाठी शीड हवं होतं. मी साडूचेच कागदी साचे काढले, तसंच कापलं, आणि या वेळी दोरी मरणाची ओढली. कड लोंबकळली, फडफडली. शीड झोतात शांत चाललं. मालकांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही सुधारून घेतलंत," म्हणाले. मी नाही म्हणालो नाही. आजही तिथे त्याच साच्यावर शिडं होतात आणि नवे लोक त्याला माझं माप म्हणतात. ते माझं नाही. ते सिद्धगडच्या पायथ्याच्या माणसाचं आहे, हे मी इथे स्पष्ट लिहितो.

त्याच्याकडे मी सणावाराला जायचो. त्याचं बोलणं कमी झालं होतं. अंगणात चतुर आले तरी तो मान वर करत नसे. दर वेळी मात्र एकच विचारायचा. "दादा, त्या गड्याचा हात वर जातो का आता?" मी म्हणायचो, "जातो." मी कधी चौकशीच केली नव्हती.

गेल्या वर्षी त्याला आजाराने धरलं. मी भेटायला गेलो ते सगळं सांगायचं ठरवूनच. तो खाटेवर होता. मेहुणी आत चुलीशी होती. आम्ही दोघंच. याहून चांगली वेळ मिळाली नसती.

"दादा," तो म्हणाला, "एवढंच राहिलं बघा. त्या गड्याच्या घरी जायला पायजे होतं. माफी मागायला."

मी त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. कडा खाली खोचल्या. म्हणालो, "तू पड जरा. बोलू नको."

आणि निघालो. पंधरवड्याच्या आत तो गेला.

त्या खाटेपाशी म्हणायचं होतं ते इतकंच होतं: माफी तू नाय मागायची रे. तुझं माप बरोबर होतं. दोरी मी अर्धी ओढली, जाणूनबुजून, सासऱ्यांनी तुला पाटावर बसवलं म्हणून, माझी बायको तुझ्या बोलण्यावर हसायची म्हणून. त्या गड्याचा हात मी मोडला. तुला मी मोडलं. मला माफ कर.