धोंड्याच्या महिन्यातली नवी गादी

माझ्या सासुरवाडीत मला गादी ओली करणारा जावई म्हणून ओळखतात, आणि त्यात माझा दोष जेमतेम अर्धा आहे.

लग्नानंतरचा पहिलाच धोंड्याचा महिना होता. (तीन वर्षांतून एकदा अधिक महिना येतो आणि जावयाला देवाच्या पंगतीत बसवतो. बाकीचे दिवस तो माणसातच असतो.) मी बदनापूरला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. सासुरवाडी अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या अलीकडे, उसाच्या गावात. सासरे गावचे पोलीस पाटील. त्यांना मी मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी. मामींनी माझ्यासाठी पिंजाऱ्याकडून खास नवी गादी भरून घेतली होती. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, आमरस, शेवटी गार ताक असं जेवण झालं. आहेरात मिळालेला कोरा पांढरा पायजमा चढवून मी मधल्या खोलीत गेलो, कूलर लावला, आतून कडी घातली आणि गादीवर अंग टाकलं. मे महिन्याची दुपार होती. आपण लग्न अगदी योग्य घरात केलं, असं मला मनापासून वाटलं.

तासाभराने जाग आली ती ओलाव्याने. कूलरचं पाणी उडालं असेल म्हणून हात लावला, तर पाणी कोमट! उठून बसलो. उशापाशी मामींची लाडकी मांजर ठकी बसली होती आणि माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच तिच्या घरात येऊन काहीतरी करून ठेवलंय. ती कोपऱ्यातल्या गोधड्यांच्या चळतीत झोपलेली होती. मी न बघता कडी घातली आणि तिला कोंडलं. (हाच तो माझा अर्धा दोष.) मी कडी काढली तशी ती माझ्या पायांतून सुळकन निघून गेली. तिला कोणीही पाहिलं नाही.

तेव्हाच बोंब मारली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मी नवा जावई! पहिल्याच धोंड्याला आलो आणि पहिली तक्रार कुणाची, तर ज्या मांजरीला मामी स्वतःच्या हाताने दूध-पोळी कुस्करून घालतात तिची? मी गप्प बसायचं ठरवलं आणि डोकं चालवलं. कोनाड्यात अत्तराची बाटली होती, ती निम्मी गादीवर ओतली. मग खोलीत मांजर आणि गुलाब असे दोन वास यायला लागले. ते एकमेकांत मिसळायला तयार नव्हते. शेवटी पाण्याचा तांब्या उचलला आणि त्या डागावर पालथा केला.

"मामा, तांब्या लवंडला!" मी दारातून हाक मारली.

मामा आले. वाकले. पोलीस पाटलाचं नाक ते. एकदा गादीचा वास घेतला, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"पाव्हणं," ते म्हणाले, "हे पानी कोन्त्या हिरीचं?"

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांची नजर हळूच माझ्या पायजम्यावर गेली, आणि तिथून अदबीने छताकडे.

"व्हतं असं," ते मऊ आवाजात म्हणाले. "गरमी लई हाय. मनाला लावून घेऊ नका."

मला वाटलं, तांब्याबद्दल बोलताहेत. मामांनी गादी स्वतः डोक्यावर घेतली आणि गच्चीवर वाळत घालायला निघाले. गल्लीतून कोणीतरी ओरडलं, "पाटील, नवी कोरी गादी, आन् पहिल्याच दिवशी वाळू घालून राह्यले?"

"जावाई आल्ते!" मामांनी वरून उत्तर दिलं. एवढंच. पोलीस पाटलाचं उत्तर नेहमी खरं असतं, पण पूर्ण नसतं.

संध्याकाळच्या चहाबरोबर मथुराआत्यांनी (मामांची थोरली बहीण, घरातलं सगळं औषधपाणी यांच्याकडे) माझ्यासमोर तिळगुळाचे लाडू ठेवले. मे महिन्यात तिळगूळ! पण असतं बाबा एकेका घरचं, म्हणून मी दोन खाल्ले.

"आनखी एक घ्या," आत्या म्हणाल्या. "बराबर तीन खायचे. आन् च्या पुरे झाला आता. आर्धाच घ्या."

मी तिसरा खाल्ला, चौथाही मागितला. आत्यांनी मामींकडे बघून मान हलवली, म्हणजे पोराची स्वतःचीच इच्छा आहे, गुण येणार. वर्षा, म्हणजे माझी बायको, मला हाताला धरून परसात घेऊन गेली.

"अहो, तुम्हाला काही त्रास आहे का?"

"मला? छे! लाडू मस्त आहेत."

"लहानपणापासूनचा आहे, की आत्ता सुरू झाला?"

"कोणता?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. "आत्या म्हनती, तीळ-गुळानं आठवड्यात बंद होतं. आमच्या चुलतभावाचं झाल्तं. पण तो पाच वर्षांचा व्हता."

आत्ता कुठे लाडवांचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. मला लाज वाटली, राग आला, आणि सगळ्यात आधी डोळ्यांपुढे आला तो दहावीचा वर्ग. ही बातमी बदनापूरपर्यंत पोचली तर उत्सर्जन संस्थेचा धडा मी कोणत्या तोंडाने शिकवणार? मी तसाच ओट्यावर गेलो आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "ते मी केलेलं नाही. ठकीने केलंय!"

मामींनी ठकीला मांडीवर घेतलं.

"माझ्या ठकीनं? चार वर्सं झाली, घरात एक थेंब न्हाई! वाळूच्या ढिगावर जाती, उकरती, वरून झाकून येती. मानसाला बी येवढी शिस्त न्हाई." शेवटचं वाक्य त्या जमिनीकडे बघून म्हणाल्या, हा त्यांचा चांगुलपणा.

मामांनी तिथल्या तिथे पंचनामा केला. "दाराला कडी कुठून व्हती?"

"आतून."

"खिडकीला?"

"जाळी."

"दार उघडलं तवा आत कोन व्हतं?"

"मी... आणि ठकी!"

"ठकीला कुनी पाह्यलं?"

"मी!"

"आन् पहिल्या जबाबात काय म्हनलात? तांब्या लवंडला." मामांनी हळहळत मान हलवली. "पाव्हणं, जबाब फिरवला की मानूस गुततो. जाऊ द्या. घरातली गोष्ट घरातच राहील."

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. ही माणसं मला माफ करत होती! मी मास्तरकीच्या आवाजात म्हणालो, "उद्या प्रयोग करू. तीच वेळ, तीच खोली, तीच गादी, आत मी आणि ठकी. सगळं आजच्यासारखं. कडी बाहेरून तुम्ही लावा. खरं काय ते समोर येईल." मामांना हे लगेच पटलं.

विज्ञानात परिस्थिती बदलून चालत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मी आदल्या दिवसाइतकंच जेवलो. आमरसाच्या दोन वाट्या, ताकाचे तीन ग्लास. ठकीला भांडंभर दूध पाजलं. वाळलेली गादी अंथरली, वर धुतलेली चादर घातली. मी आत गेलो, मामांनी बाहेरून कडी घातली आणि सगळे ओट्यावर बसून राहिले.

ठकी गादीच्या मध्यभागी गोल होऊन झोपली. मी तिच्यावर नजर ठेवून भिंतीला टेकलो. अर्धा तास गेला. ठकीच्या पोटात भांडंभर दूध होतं, पण तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. ताक माझ्या पोटात होतं. आणि तो कूलर! कालपर्यंत गार वाटणारा कूलर आज ऐकू यायला लागला. टप, टप, टप, आणि मध्येच खळखळ. मी पाय एकावर एक घेतले. मग खाली घेतले. मग खोलीत फेऱ्या मारल्या. तास होत आला तेव्हा मी दारावर थाप मारली.

"मामा, कडी काढा!"

"केलं का मांजरानं?"

"अजून नाही! पण कडी काढा!"

"मंग बसा की. घाई कायची?"

"मामा, जल्दी काढा हो!" मी दारावर दोन्ही हातांनी बुक्क्या मारायला लागलो. "माझंच..."

बाहेर एकदम धावपळ झाली. कडी निघाली. आणि मी अख्ख्या सासुरवाडीच्या मधून, एक हात पायजम्याच्या नाडीला लावून, गोठ्यापलीकडच्या संडासाकडे सुटलो! मागून मथुराआत्यांचा आवाज आला, "आगं बया, जागेपनी बी हाय की!"

पाच मिनिटांनी मी परत आलो तो हलका आणि कोरडा. (हे कोरडं असणं मला कोणाला तरी दाखवायचं होतं, पण तशी रीत नाही.) ओटा रिकामा होता. सगळे मधल्या खोलीत गादीभोवती उभे होते. मी मध्ये डोकं घालून पाहिलं. धुतलेल्या चादरीच्या बरोब्बर मधोमध ताटाएवढा ताजा, ओला डाग होता. ठकी खिडकीत बसून पंजा चाटत होती.

"बघा!" मी आनंदाने ओरडलो. "केलं की नाही तिनं? बघितलंत ना?"

कोणीच बघितलं नव्हतं. दार उघडल्यापासून सगळ्यांचे डोळे माझ्या धावण्यावर होते. मी वर्षाकडे पाहिलं. तिने पदर तोंडाशी धरला होता आणि तिचे खांदे हलत होते.

मामांनी डागाकडे पाहिलं, उघड्या दाराकडे पाहिलं, मग गोठ्याकडे जाणारी वाट डोळ्यांनी मोजली. पुढे येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला.

"कोशिस चांगली केली, पाव्हणं," ते म्हणाले. "कडी काढायला माझाच उशीर झाला."

मामी मुकाट्याने आत गेल्या आणि लाडवांचा डबा घेऊन आल्या. मी हात पुढे केला.