नव्या कोडाची दुपार

सुरंगीचा वास आला की ती दुपार आठवते. रत्नागिरीतल्या आमच्या गुंतवणुकीच्या ऑफिसात बोटीवर वारलेल्या एका खलाशाची बायको आली होती, केसांत सुरंगीचा गजरा माळून. नवऱ्याचा म्युच्युअल फंड दुसऱ्या फंडात विलीन झालेला. त्याच्या खात्याच्या जुन्या कोडाशी कुठलाच नवा कोड जुळेना, आणि जुळल्याशिवाय फंड तिच्या नावावर होईना. खाडीवरचा वारा पडला होता. अचानक ती एकेक अक्षर सांगू लागली. मी टाइप केलं आणि पडद्यावर तिच्या नवऱ्याचं नाव उमटलं. “वहिनी, हा कोड तुम्हाला कसा ठाऊक?” “मला कुठला ठाऊक? हे सांगतायत ना, तुमच्या पाठीमागे उभे राहून.” मला वळून बघवेना. आता कोड संगणकच जुळवतो, तरी मी खुर्ची भिंतीला टेकवूनच बसतो.