निळ्या सैन्याच्या तळाखालची तारीख

१२ मार्च, मंगळवार. सकाळपासून ऊन कडक. ह्यांच्या क्लबाचा सेक्रेटरी साडेदहाला आला. सैन्याचे सहाही डबे पुसून दारापाशी ठेवले होते. चहा दिला. त्याने कार्ड दाखवलं.

तो गेल्यावर काकूंनी डायरीत एवढंच लिहिलं.

प्रदर्शनासाठी क्लबाने छापलेल्या कार्डावर होतं, ‘रंगकाम आणि संशोधन : आपले लाडके काका’. काका जाऊन दोन वर्षं झाली होती. हयातीत त्यांनी एकाही शिपायाला रंग लावला नव्हता. शिशाचे बोटभर उंचीचे कोरे शिपाई ते विकत आणत, आणि रंगून तयार झाले की क्लबात नेऊन, फासे टाकून, एकोणिसाव्या शतकातल्या लढाया पुन्हा लढत. मधलं सगळं काकूंचं. चाळीस वर्षं, दुपारी, जेवणाचं टेबल आवरून. शिपाई औषधाच्या बाटलीच्या झाकणावर चिकटवायचा, आधी पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा, मग कोट, मग छातीवरचे आडवे पट्टे, आणि शेवटी श्वास रोखून, चार केसांच्या ब्रशाने बटणं. क्लबात कुणी कौतुक केलं की काका म्हणत, “घरीच होतं सगळं.” म्हटलं तर यात अक्षरही खोटं नव्हतं. काकूंना चीड होती ती त्याचीच.

पण ‘संशोधन’ कुठलं? सेक्रेटरीने उत्साहाने एक निळा ढोलवाला उलटा केला. तळाखाली बारीक आकडे होते : ३-८-८१. तो म्हणाला, अशा सगळ्या तारखा त्याने उतरवून घेतल्यात, लढायांची यादी केलीय, आणि १८८१ची ही चकमक तर कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. काकांचा व्यासंगच तेवढा दांडगा. माहितीपुस्तिकेत तिला अख्खं पान दिलंय.

काकू उठल्या. कॉन्व्हेंटात सिस्टर तारखेशिवाय वही तपासायला घेत नसत. ती सवय हाडात मुरलेली, म्हणून संपवलेल्या प्रत्येक शिपायाच्या तळाखाली त्या तारीख घालत. कपाटातून १९८१ची डायरी काढून त्यांनी पान त्याच्यापुढे धरलं. ‘३ ऑगस्ट, सोमवार. ढोलवाले बारा पूर्ण. बाळाला पहिला दात.’

सुनेने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. “म्हणजे आमच्या ह्यांच्या दाताची चकमक झाली म्हणायची.”

सेक्रेटरी हसला नाही. पुस्तिका छापून झाल्या होत्या, पाहुणे ठरले होते. त्याने घसा साफ केला. “काकू, आता काका नाहीत. त्यांच्या माघारी त्यांचा मान कशाला कमी करायचा?”

चाळीस वर्षं डोळे ताणले, चष्म्याचे नंबर वाढले, पाठ धरली. आणि नवऱ्याचा मान कमी करणारी बाई कोण, तर काकूच. काकूंनी डायरी मिटली.

“जिंकलेल्या लढाया त्यांच्याच नावावर राहू देत. रंग माझा आहे. कार्ड बदलून आणा.”

तो म्हणाला, वेळ नाही. मग त्यांनी लाल कोटांचे तीन डबे त्याच्याकडे सरकवले आणि निळ्यांचे तीन स्वतःच्या पायाशी ओढून घेतले.

“हॉल घेतलाय, तर लाल न्या. निळे नव्या कार्डावर मिळतील.”

“समोर शत्रूच नसेल तर लोक बघतील काय?”

“कुणी विचारलं तर सांगा, घरीच आहे.”

सून तोंडाला पदर लावून आत पळाली. सेक्रेटरी तीन डबे छातीशी धरून जिना उतरला. वळणावर थांबून त्याने वर पाहिलं, पण काकूंनी दार लावून घेतलं होतं.

संध्याकाळी त्यांनी सकाळच्या नोंदीखाली लिहिलं : निळे डबे परत कपाटात. न्हाणीघराच्या नळाचा वायसर बदलून घेतला, आता गळत नाही.