दाराबाहेर न गेलेला कंदील

काल पनवेलच्या बाजारात कंदीलवाल्यापाशी ताज्या खळीचा वास आला आणि मी भर रस्त्यात एकटाच हसलो.

पहिल्या दिवाळसणाला मी इथेच सासरी आलो होतो. लग्न होऊन सहा महिने झाले, तरी बायको माझ्याशी मोजून चार शब्द बोलायची. म्हटलं, आता हिला काहीतरी करून दाखवायचंच! जावयाने पाटावर बसून लाडू खायचे सोडून मी जाहीर केलं, ‘‘यंदाचा कंदील मी करणार!’’

कामट्या, रंगीत जिलेटिन, पातेलंभर खळ. अंगात आल्यासारखा दिवसभर चिकटवत राहिलो. कंदील चांदणीचा होता, पण त्याला कोन किती, ते मलाही सांगता येईना. संध्याकाळी ऐटीत उचलला आणि दारात अडकलो. आडवा जाईना, तिरका जाईना, उभा तर नाहीच नाही.

सासरे शांतपणे म्हणाले, ‘‘जावईबापू, कंदील मोडू नका. आपण घर नवीन बांधू.’’

शेवटी आतच, पंख्याच्या रिकाम्या हुकाला तो टांगला. बटण दाबलं आणि काय सांगू! चकल्या हिरव्या, सासरे गुलाबी, भिंती जांभळ्या! शेजारीपाजारी खिडकीतून डोकावू लागले. अर्ध्या लाल, अर्ध्या पिवळ्या चेहऱ्याची माझी बायको पदर तोंडाशी धरून कशीबशी थांबली, मग खदखदून हसत सगळ्यांदेखत म्हणाली, ‘‘अहो, निदान दार तरी मोजायचं!’’

तेव्हा वाटलं, सासरी अब्रू गेली. आता वाटतं, ते दार आणखी वीतभर रुंद असतं तर आमचा संसार किती गप्प गप्प झाला असता!